मेरेरिद काटेवालीची शिट्टी

वेल्समधल्या आमच्या अबरवेनमध्ये निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं निम्मं प्यू. आडनावाने हाक मारली तर चार डोकी वळतात आणि हवं ते एकही वळत नाही. म्हणून माणूस जे काम करतो तेच त्याला चिकटतं. मी एकतीस वर्षं हॉकी क्लबाच्या टेबलावर बसून वेळ पाहतो, म्हणून मी घड्याळ्या एमरिस. मेरेरिद प्यू दर गुरुवारी मेंढीबाजारात वजनकाट्यावर उभी असते, म्हणून ती मेरेरिद काटेवाली. शनिवारी ती हॉकीच्या मॅचमध्ये पंच असते, तेही चोवीस वर्षं. त्यावरून तिला कुणी नाव ठेवलं नाही. म्हणजे ठेवलं होतं, पण ते तिच्या तोंडावर घेण्यासारखं नव्हतं.

मेरेरिद उंचीने बेताची, पायाने चपळ आणि बोलायला कंजूष. काट्यावर तिचं छान चालायचं, कारण तिथे काटा बोलतो. मेंढी सख्ख्या भावाची असो की गेल्या वर्षी भांडलेल्या शेजाऱ्याची, आकडा जो दिसेल तो वाचायचा आणि फाटक उघडायचं. शिट्टीचं तसं नाही. वाजवायची की नाही ते आपणच ठरवायचं, तेही पापणी लवायच्या आत. आणि जिच्याविरुद्ध वाजवली ती सोमवारी पोस्टाच्या रांगेत पुढे उभी.

ती पंच झाली ते हौसेने नव्हे. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक क्लबाने मॅचला आपला एक पंच आणायचा. एक तुमचा, एक आमचा, म्हणजे फिटंफाट. मेरेरिदची मोठी बहीण हेलेद आमच्या बायकांच्या टीममधली सगळ्यांत चांगली खेळाडू. मेरेरिद स्वतः बचावात खेळायची, आणि खरं सांगायचं तर तिला काढलं काय, ठेवलं काय, कुणाच्या लक्षात आलं नसतं. एका शनिवारी आमचा नेहमीचा पंच मेंढी अंगावर पडून पाय मोडून घेऊन बसला. कमिटीने मेरेरिदच्या हातात शिट्टी दिली. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

त्या पहिल्याच मॅचमध्ये तिने आमच्या बाजूने एक पेनल्टी कॉर्नर दिला. मी टेबलावरून पाहत होतो, तो बरोबर होता. पण पाहुण्या टीमबरोबर आलेला एक जाडा गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "दे, दे. बापाचाच क्लब आहे तुझ्या." तिचे वडील तेव्हा मैदानाशेजारी चहाची टाकी सांभाळत उभे होते. सगळे हसले. वडीलही हसले. मेरेरिद मानेपासून कानापर्यंत लाल झाली.

त्या दिवसापासून अबरवेनला मेरेरिदकडून काही मिळालं नाही.

हे मी चिडून सांगत नाही. तेव्हा चिडायचो, आता गुडघ्यांबरोबर रागही गेला. पण जे झालं ते झालं. हॉकीत चेंडू पायाला लागला की चूक; आमच्या पोरीच्या पायाला लागला की तिची शिट्टी वाजलीच. समोरच्या पोरीच्या पायाला लागला तर, हं, बघू, खेळा पुढे. एकदा भर मॅचमध्ये हेलेद तिला म्हणाली, "मेरेरिद, बुटाची नाडी सुटलीय तुझी, पडशील." मेरेरिदने तिला हिरवं कार्ड दाखवलं. दोन मिनिटं बाहेर. हेलेद माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि म्हणाली, "एमरिस, नाडी खरंच सुटलीय हो." मी पाहिलं. सुटली होती.

बाहेरच्या क्लबांना मात्र मेरेरिद म्हणजे देवमाणूस. स्वानसीपासून रेक्समपर्यंत सगळीकडे तिचं कौतुक. सख्ख्या बहिणीला कार्ड देते, म्हणजे बघा. त्या कौतुकाच्या जोरावर ती वर चढली. आधी जिल्ह्याच्या मॅचेस, मग कपच्या, मग वेल्सच्या पहिल्या फळीतल्या पंचांमध्ये तिचं नाव आलं. इतर क्लबांनी आमच्या इतर पंचांविरुद्ध तक्रारींचे कागद भरभरून पाठवले असतील, मेरेरिदविरुद्ध एक नाही.

वेल्ससारख्या देशात पहिल्या फळीपर्यंत गेलं की पुढे भिंत असते. सगळ्या खेळाडू एकमेकींच्या मावसबहिणी, आणि खऱ्या चुरशीच्या मॅचेस वर्षाला पाच-सहा. तेवढ्यावर जगातल्या मोठ्या स्पर्धांचा पंच कसा तयार होणार? आयर्लंडचं तेच, स्कॉटलंडचं तेच. इंग्लंडकडे जेवढे पंच आहेत तेवढ्या आमच्याकडे स्टिक नाहीत. मग या तिघांनी एक युक्ती काढली. आपापल्या पंचांची अदलाबदल करायची. आमचे तिकडे, तिकडचे इकडे. पाहुण्या पंचाने हॉटेलात राहायचं नाही, त्या गावच्या पंचाच्या घरी झोपायचं, सकाळी त्याच्याच टेबलावर खायचं, आणि आदल्या मॅचमधल्या आपल्या चुका त्याला सांगायच्या. आणि तिघांनी मिळून वर्षाला एकच नाव वर पाठवायचं, जगभरच्या मोठ्या स्पर्धांच्या यादीसाठी. प्रत्येकाने आपापलं नाव ढकलत बसलं तर तिन्ही नावं पडतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

मेरेरिद त्या योजनेत पाच वर्षं होती. शुक्रवारी काम आटोपून होलीहेड बंदरातून आयर्लंडची बोट पकडायची, शनिवारी डब्लिन नाहीतर कॉर्क, रविवारी परत. एखाद्या शनिवारी ग्लासगो, डंडी. तिने लग्न केलं नाही. तिच्या घरात आयरिश आणि स्कॉटिश पंचांच्या इतक्या चपला राहून गेल्या होत्या की दारात पाय ठेवायला जागा नसे. पाचव्या वर्षी शेवटी दोनच नावं उरली. एक मेरेरिद, दुसरी स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसची इशबेल, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस, वय तीस. मेरेरिद चव्वेचाळीस. त्या यादीत पंचेचाळिशीनंतर नवं नाव कुणी घेत नाही. इशबेलला अजून चौदा-पंधरा संधी होत्या. मेरेरिदला ही एकच.

नाव ठरवायचं काम फिनूलाबाईंकडे होतं. त्या कॉर्कच्या, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, स्वतः वीस वर्षं पंच. मार्चमध्ये डब्लिनला मॅच झाल्यावर त्यांनी मेरेरिदला बाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते मेरेरिदने मला पुढच्या गुरुवारी बाजारातल्या हॉटेलात सांगितलं, आणि ती इतकं एकदम बोलते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अबरवेनशी तुझं काही वैर आहे का?" फिनूलाबाईंनी विचारलं.

"माझं गाव आहे ते."

"ते मला माहीत आहे. मी वैराचं विचारलं." मग त्यांनी वही उघडली. "इथे आयर्लंडमध्ये संशयाचे जे चेंडू, त्यातले निम्मे तू इकडे देतेस, निम्मे तिकडे. स्कॉटलंडमध्ये तेच. वेल्समधल्या बाकी क्लबांतही तेच. अबरवेनच्या मॅचेसची चित्रफीत मी मागवली. चाळीस संशयाचे चेंडू. तेहतीस अबरवेनच्या विरुद्ध."

"आमच्या पोरी चुका करतात."

"आणि समोरच्या सगळ्या संत?"

फिनूलाबाई म्हणाल्या, "हे बघ बाई, परक्या गावात कुणीही सरळ वागतं. म्हणून तर आपण ही अदलाबदल करतो. पण एका ठिकाणी जिची मान वाकडी, तिचं नाव मी कसं पाठवू? एप्रिलमध्ये अबरवेनची शेवटची मॅच आहे. तिथे तू आणि इशबेल उभ्या राहा. मी येते."

"नियमात बसत नाही ते. शेवटच्या मॅचला स्वतःच्या क्लबाचा पंच चालत नाही."

"दोन्ही क्लबांनी होकार दिला तर बसतं."

मला हे सांगून झाल्यावर मेरेरिदने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. "एमरिस, तुम्ही टेबलावरून बघता ना? तेहतीस असतील का?"

मी म्हटलं, "मी घड्याळ बघतो."

हे उत्तर भित्रं होतं. तेव्हाही कळत होतं.

कार्डिफच्या क्लबाचा होकार एका दिवसात आला. का येणार नाही? मॅच जिंकली तर ते लीगमध्ये पहिले येणार होते, आणि मेरेरिद अबरवेनला काही देत नाही हे अख्ख्या वेल्सला ठाऊक. आम्हाला निदान बरोबरी हवी होती, नाहीतर खालच्या गटात रवानगी. मजा बघा, कटकट झाली ती आमच्याच कमिटीत. परक्या गावाने हिला मागून घ्यावं आणि सख्ख्या गावाने नको म्हणावं.

"कुणीही चालेल," खजिनदार म्हणाला. "आंधळाही चालेल. मेरेरिद नको."

"तिच्याबरोबर खेळायचं म्हणजे बारा जणींविरुद्ध अकरा," कुणीतरी म्हणालं.

"चोवीस वर्षं सोसलं. या मॅचला तरी सोडा."

हेलेद तेव्हा क्लबाची अध्यक्ष होती. तिची मुलगी टेस्नी आता पुढच्या फळीत खेळायची, एकोणीस वर्षांची, आईसारखीच वेगवान. हेलेदने सगळ्यांचं ऐकून घेतलं, होकाराचा कागद ओढला, सही केली आणि म्हणाली, "झालं. आता चहाचं बोला. मिरचीवाला राजमा कोण करतंय?"

परीक्षकाने जिची परीक्षा घ्यायची तिच्या घरी राहायचं नाही, म्हणून फिनूलाबाई माझ्याकडे उतरल्या. इशबेल मात्र रीतीप्रमाणे मेरेरिदच्याच घरी. एकाच जागेसाठी झगडणाऱ्या दोघी एकाच न्हाणीघरापुढे रांगेत. शनिवारी सकाळी मी फिनूलाबाईंना समुद्री शेवाळाची भाजी, शिंपले आणि बेकन वाढलं. त्यांनी भाजीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, हे खातात?"

"आम्ही खातो."

"मग तुम्हीच खा." त्यांनी बेकन तेवढं उचललं. "तुम्ही मेरेरिदला किती वर्षं ओळखता?"

"जन्मल्यापासून."

"ती वाईट आहे का हो?"

"छे. ती घाबरट आहे," मी म्हणालो, आणि मलाच नवल वाटलं. चोवीस वर्षांत हा शब्द मला सुचला नव्हता.

मॅचच्या दिवशी ऊन होतं आणि वारा खाडीकडून. मैदानाच्या कडेला अख्खं गाव. फिनूलाबाई गोलच्या मागे, जाळीपासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर वही. हॉकीत दोन पंच, प्रत्येकीकडे निम्मं मैदान, आणि एकीला दिसलं नाही तर दुसरीकडे बघायचं. डोळ्याला डोळा, हाताची छोटी खूण, झालं. डब्लिनमध्ये मेरेरिद दर मिनिटाला जोडीदाराकडे बघते असं मी ऐकलं होतं. इथे तिने पहिल्या अर्ध्यात इशबेलकडे एकदाही पाहिलं नाही. समोर चेंडू, तोंडात शिट्टी, चेहरा पाटीसारखा. संशयाचे सहा चेंडू मी पाहिले. सहाही आमच्या विरुद्ध. गाव आधी ओरडलं, मग कंटाळून गप्प झालं. कार्डिफ दोन, आम्ही एक.

मध्यंतरात दोघी पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आल्या.

इशबेल म्हणाली, "मी इथे शोभेला उभी आहे का?"

"म्हणजे?"

"तू माझ्याकडे बघतच नाहीस. ग्लासगोला बघत होतीस. मला इकडून दोन चेंडू स्वच्छ दिसले, दोन्ही तुमच्या बाजूचे होते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"इथे विचारलं तर लोक म्हणतील, बहाणा शोधतेय. आपल्या पोरीला द्यायचंय म्हणून दुसरीच्या तोंडून वदवून घेतेय."

"म्हणजे तू आधीच ठरवून येतेस," इशबेल म्हणाली. "मग माझी गरज काय? आणि तुझी तरी काय? शिट्टी खांबाला बांधून ठेवा."

इशबेल गप्प राहिली असती तर यादीतली जागा तिची होती. फिनूलाबाईंच्या वहीत पहिला अर्धा लिहून झाला होता. तरी ती बोलली, आणि मला ती पोरगी तिथेच आवडून गेली. मेरेरिदने पाण्याची बाटली खाली ठेवली.

दुसऱ्या अर्ध्याच्या चौथ्या मिनिटाला चेंडू दोन्ही टीमच्या पोरींच्या गर्दीतून बाहेर आला आणि कुणाच्या पायाला लागला ते कळेना. मेरेरिदने मान वर केली आणि पन्नास पावलांवर उभ्या इशबेलकडे पाहिलं. इशबेलने आमच्या बाजूला हात केला. मेरेरिदने शिट्टी वाजवली आणि आमच्या बाजूला हात केला. गावाला समजेचना की ओरडायचं की टाळ्या वाजवायच्या. आमची कॅप्टन फ्री हिट घ्यायचं सोडून क्षणभर उभीच राहिली, चुकून आपल्याला दिला की काय म्हणून.

त्यानंतर ती बघत राहिली. काही इकडे गेले, काही तिकडे. कार्डिफच्या पोरी चिडल्या. त्यांच्या कॅप्टनने दोनदा हात पसरून विचारलं, हे काय नवीन? मेरेरिदने तिला हिरवं कार्ड दिलं. त्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा होता.

घड्याळात पन्नास सेकंद उरले असताना टेस्नी उजवीकडून गोलपुढच्या सर्कलमध्ये घुसली. दोन बचावपटू अंगावर, गोलकीपर पुढे आलेली. काहीतरी ठक्क वाजलं, चेंडू वळला आणि गोलच्या आतल्या फळीवर आदळला. त्याच क्षणी टेस्नी पाठ फिरवून मैदानाच्या मध्याकडे चालू लागली. इतर पोरींनी तिला गाठून मिठ्या मारल्या.

मेरेरिदने शिट्टी वाजवली नाही. तिने हात वर करून माझ्याकडे खूण केली, वेळ थांबवा. मी थांबवली. मग ती चालत, धावत नव्हे, मैदान ओलांडून इशबेलकडे गेली. सगळं गाव बघत होतं. चोवीस वर्षांत तिने अबरवेनच्या मैदानावर हे कधी केलं नव्हतं.

नंतर इशबेलने मला सांगितलं काय बोलल्या ते. मेरेरिद म्हणाली, "मला मध्ये गोलकीपर आली. पाय की स्टिक? खरं सांग."

"मला स्टिक दिसली."

"नक्की?"

"या बाजूने जेवढं नक्की होता येतं तेवढं."

मेरेरिद वळली आणि मैदानाच्या मध्याकडे दोन्ही हात केले. गोल. दोन-दोन. आम्ही वाचलो. खजिनदाराने मला धरून हलवलं, माझा चष्मा पडला. कार्डिफच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "भाचीच आहे ना ती!" आणि मी मेरेरिदकडे पाहिलं. ती लाल झाली नाही. तिने ऐकलं, आणि मॅच पुन्हा सुरू करायला सांगितलं.

मॅचनंतर कागदावर सह्या करायला दोन्ही पंच माझ्या खोलीत येतात. खोली म्हणजे जुन्या स्टिक, एक टेबल आणि पाणी उकळायची किटली. इशबेलने सही केली. मेरेरिद करणार तेवढ्यात टेस्नी दारात आली, अजून घामाने भिजलेली, तोंड पांढरं पडलेलं.

"मावशी, पायाला लागला होता."

मेरेरिदने पेन खाली ठेवलं. "काय?"

"माझ्या पायाला. डाव्या बुटाला. मग आत गेला."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं तू शिट्टी मारशीलच." टेस्नीला रडू फुटलं. "तू नेहमीच मारतेस. म्हणून मी परत फिरले. मग या सगळ्या अंगावर पडल्या, आणि तू तिकडे चालत गेलीस, आणि मग तू गोल दिलास. मावशी, तू गोल दिलास. मला काही सुचेचना."

खेळ एकदा पुन्हा सुरू झाला की झालेला निर्णय फिरवता येत नाही. तसा नियमच आहे. इशबेल म्हणाली, "चूक माझी. मी स्टिक म्हणाले."

"विचारलं मी. दिला मी," मेरेरिद म्हणाली. तिने टेस्नीचं तोंड स्वतःच्या बाहीने पुसलं. "जा, अंघोळ कर. सांगितलंस ते बरं केलंस."

मग ती उठून सरळ चहाच्या हॉलमध्ये गेली. मीही मागे गेलो, माझं काही काम नव्हतं तरी. कार्डिफची कॅप्टन हातात थाळी घेऊन उभी होती. मेरेरिद तिच्यासमोर गेली. "शेवटचा गोल पायाला लागून गेला होता. मला दिसलं नाही. चूक झाली."

कॅप्टनने थाळी दुसऱ्या हातात घेतली. "तुझ्या नावाला आम्ही एका दिवसात होकार दिला होता," ती म्हणाली, आणि थाळीत आणखी एक सॉसेज रोल घेऊन निघून गेली. तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांचं लीगमधलं पहिलेपण गेलं होतं, आणि ते खरोखरच त्यांचं होतं.

फिनूलाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मेरेरिद त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, शाळेत उभी राहावी तशी. "तुमच्या वहीत लिहा. शेवटचा गोल चुकला."

"मी जाळीमागे होते. लिहिलाय."

"तेव्हा इशबेलचं नाव पाठवा. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल. पण पाठवा."

"बस." फिनूलाबाईंनी वही बंद केली. "इशबेलचंही चुकलं, तिचं पुढच्या वर्षी बघू. तू चूक कर की बरोबर कर, ते बघायला मी समुद्र ओलांडून आले नाही. मोठ्या स्पर्धेतही तू चुकशील. सगळे चुकतात. मला एवढंच बघायचं होतं की तुझ्या चुका सगळ्या एकाच बाजूला पडतात की दोन्हीकडे. पहिल्या अर्ध्यात एकाच बाजूला. दुसऱ्यात दोन्हीकडे. सोमवारी तुझं नाव जातं."

मेरेरिद खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, सगळ्या हॉलसमोर. मी तिला लहानपणापासून पाहतोय, वडिलांच्या मयतीलाही ती अशी रडली नव्हती. लोकांना वाटलं, क्लब वाचला म्हणून. कुणी पाठीवर थोपटलं, कुणी मनुकांच्या ब्रेडचा तुकडा पुढे केला. मला वाटतं, ती त्या तेहतीस चेंडूंसाठी रडत होती. तेहतीस तर फक्त चित्रफितीतले. चोवीस वर्षांतले बाकीचे कुणी मोजलेच नव्हते.

हेलेद चहाचा कप घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली.

मेरेरिद म्हणाली, "हेलेद, मी तुमचं घेत आले. चोवीस वर्षं. तुझं, टेस्नीचं, सगळ्यांचं. जे तुमचं होतं ते."

"माहीत आहे गं."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग एकदाही लेखी तक्रार का नाही केलीत? एक कागद पाठवला असतात तर मला थांबवलं असतं त्यांनी."

हेलेदने तिच्या हातात कप दिला.

"थांबवलं असतं म्हणूनच," ती म्हणाली. "तू आमची होतीस ना."